नियम बदलताना पुरवठादारालाही तयार करा : नाशिकच्या सरकारी खरेदी कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण
मा. महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र, नाशिक
आणि नाशिक परिसरातील केंद्रीय आस्थापनांचे खरेदी विभागप्रमुख

सादर नमस्कार.

सातपूर, अंबड आणि सिन्नरमधल्या लहान कारखानदारांच्या, शहरातल्या काही छपाईवाल्यांच्या आणि ग्रामीण भागातल्या महिला बचत गटांच्या सरकारी निविदा भरून देण्याचे काम मी करतो. पत्र्याची कपाटे, शाळेचे बाक, दवाखान्यातल्या खाटा, छापील नोंदवह्या, सुरक्षा बूट, पाइप फिटिंग, कापडी पिशव्या असा माल बनवणारी ही माणसे आहेत. खरेदीचे नियम वाचायला यांच्याकडे वेगळा माणूस नसतो. मालक दिवसा मशीनवर, संध्याकाळी वसुलीला आणि रात्री लॅपटॉप उघडून टेंडर शोधायला बसतो.

हे पत्र एकाच मागणीसाठी आहे. खरेदीची मर्यादा, अट, नमुना किंवा पोर्टल बदलले की त्याचे परिपत्रक आपल्या लेखा शाखेला जाते, भांडार शाखेला जाते, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही होते. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याला तो बदल कळतो निविदा बाद झाल्यावर. पुरवठादाराला वेळेआधी तयार करणे हा खरेदी प्रक्रियेचाच एक टप्पा आहे असे मानून त्याची कायमची व्यवस्था नाशिकमध्ये उभी करा, एवढेच मागणे आहे. त्यामागची कारणे थोडी विस्ताराने मांडतो.

गेल्या दहा वर्षांत काय काय बदलले ते आधी पाहू. ९ ऑगस्ट २०१६ ला केंद्राचे जेम (सरकारी कार्यालयांच्या ऑनलाइन खरेदीचे) पोर्टल सुरू झाले. त्याच वर्षी १ डिसेंबरला राज्याच्या उद्योग विभागाने कार्यालयीन खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली आणि पुढच्या वर्षी राज्यानेही जेम स्वीकारले. २०१७ मध्ये केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम नव्याने आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये देशी मालाला प्राधान्य देणारा खरेदी आदेश निघाला. २०२० मधल्या सुधारणांनंतर मालात ५० टक्के स्थानिक मूल्य (देशात तयार झालेला वाटा) असलेला पहिल्या वर्गाचा आणि २० टक्के असलेला दुसऱ्या वर्गाचा पुरवठादार ठरू लागला, आणि २०० कोटींच्या आतली जागतिक निविदा सर्वसाधारणपणे बंद झाली. १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांची ‘उद्योग आधार’ नोंदणी जाऊन ‘उद्यम’ नोंदणी आली. २०२१ च्या सुरुवातीपासून क्लास-टू डिजिटल सही मिळणे थांबले. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या व्याख्याच मोठ्या झाल्या. सैन्यदलांच्या नेहमीच्या खरेदीसाठी २००९ पासून चालत आलेली नियमपुस्तिका जाऊन १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी लागू झाली. ही यादी अपुरी आहे.

यातले बहुतेक बदल मला पटतात. लहान पुरवठादाराच्या बाजूने झालेले बदलच जास्त आहेत असेही मी मोकळेपणाने म्हणतो. पूर्वी ज्याला कोणत्या कार्यालयात काय खरेदी निघाली याचा पत्ता लागत नव्हता, तो आज अंबडच्या गाळ्यात बसून ईशान्येकडच्या एखाद्या कार्यालयाची निविदा भरतो. म्हणूनच वाईट वाटते, कारण त्याच्या भल्यासाठी केलेला नियमच न कळल्यामुळे त्याला बाहेर काढतो.

जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. सातपूरला पत्र्याचे फर्निचर बनवणारा एक कारखानदार आहे. पंधराएक कामगार, स्वतःची पावडर कोटिंगची भट्टी, माल चोख. एका सरकारी कार्यालयाने बाक आणि कपाटांची निविदा काढली. याने उद्यम प्रमाणपत्र जोडून बयाणा रकमेतून (निविदेसोबत भरायच्या अनामतीतून) सूट मागितली. तांत्रिक लिफाफा उघडला आणि हा अपात्र. कारण काय, तर उद्यम प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसायाच्या रकान्यात ‘ट्रेडिंग’ असे लिहिलेले होते. नोंदणी करून देणाऱ्या सायबरवाल्याने घाईत तो पर्याय निवडला होता. आता नियम असा आहे : २ जुलै २०२१ पासून घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण तिचा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता ठेवला. सरकारी खरेदीतल्या सवलती व्यापाऱ्याला मिळत नाहीत. हा नियम योग्य आहे. नसता तर कारखान्याच्या नावावर दलालांनीच सवलती लाटल्या असत्या. पण या माणसाच्या दारात तर भट्टी पेटलेली होती. पोर्टलवर जाऊन तो रकाना दुरुस्त करायला अर्धा तास पुरला असता. निविदापूर्व बैठकीत कोणी एक वाक्य बोलले असते की ‘बयाणा सूट हवी असेल तर उद्यममध्ये उत्पादक अशी नोंद आहे ना, ते आधी पाहून घ्या’, तर त्या कार्यालयाला आणखी एक दर मिळाला असता.

त्याला अपात्रतेचे पत्र मिळाले त्यात एकच ओळ होती : ‘आवश्यक कागदपत्रे नाहीत.’ कोणते कागदपत्र, कोणत्या अटीखाली, काहीही नाही. खरे कारण शोधायला त्याला माझ्यासारख्याकडे यावे लागले.

दुसरी अडचण आपल्या शहराच्या रचनेतूनच येते. नाशिक रोडला भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थ पत्र मुद्रणालय आहे, रेल्वेचा कर्षण मशीन कारखाना आहे, देवळालीला लष्कर आहे, ओझरला एचएएल हा केंद्राचा विमान कारखाना आहे. ही सगळी केंद्राची खरेदी. शरणपूर रस्त्यावरच्या राजीव गांधी भवनात महापालिका, शिवाय जिल्हा परिषद, एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र, महावितरण, ही राज्याच्या बाजूची. एकच कारखानदार सकाळी प्रेसची (मुद्रणालयाची) निविदा भरतो आणि दुपारी जिल्हा परिषदेची. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

केंद्राचा सूक्ष्म व लघू उद्योगांसाठीचा खरेदी आदेश २०१२ चा. २३ मार्च २०१२ ला तो निघाला आणि २०१५ पासून बंधनकारक झाला. तेव्हा एकूण खरेदीतला २० टक्के वाटा या उद्योगांसाठी होता, २०१९ पासून तो २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. ३५८ वस्तू फक्त याच उद्योगांकडून घ्यायच्या. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि लहान उद्योगाचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या कमी दरावर यायची तयारी दाखवून लहान उद्योग किमान चौथा हिस्सा पुरवू शकतो. निविदेचा कागद मोफत, बयाणा माफ. हे सगळे केंद्रीय मंत्रालये आणि केंद्रीय उपक्रमांना लागू आहे. महापालिकेच्या निविदेत हाच आदेश दाखवून सूट मागणारे कितीतरी जण दरवर्षी बाद होतात. उलटही घडते. जिल्हा परिषदेची पद्धत अंगवळणी पडलेला पुरवठादार प्रेसच्या निविदेत हक्काची सवलत न मागताच बयाणा भरून मोकळा होतो आणि खेळते भांडवल तिथे अडकवून बसतो.

संरक्षणाच्या बाबतीतही हेच. नव्या नियमपुस्तिकेत स्वदेशी सुटे भाग विकसित करणाऱ्याला खूप आधार दिला आहे. विकसनाच्या टप्प्यात उशिराचा दंड नाही, त्यानंतरही तो आठवड्याला ०.१ टक्क्यापासून. पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देता येते. ५० लाखांपर्यंत मर्यादित निविदा काढता येते. हे कळल्यावर अंबडचे दोघे-तिघे सीएनसी (संगणकचलित) मशीनवाले आनंदाने माझ्याकडे आले, ओझरच्या कामासाठी हे चालेल म्हणून. त्यांना सांगावे लागले की ही पुस्तिका सैन्यदलांच्या आणि संरक्षण मंत्रालयाच्या आस्थापनांच्या खरेदीची आहे, एचएएलची स्वतःची खरेदी पुस्तिका आहे आणि तिथल्या अटी तिथेच पाहाव्या लागतील. हे सांगायला खरे तर ओझरच्या आणि देवळालीच्या खरेदी अधिकाऱ्यांनी एकत्र एक दुपार दिली असती तर किती बरे झाले असते.

व्याख्या बदलल्याचा परिणामही असाच अंधारात राहिला आहे. पूर्वी ५० कोटींवर उलाढाल गेली की लघू उद्योग मध्यम व्हायचा आणि खरेदीतल्या सवलती जायच्या. आता लघू उद्योगाची मर्यादा १०० कोटी उलाढाल आणि २५ कोटी यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अशी आहे. म्हणजे साठ-सत्तर कोटींची उलाढाल असलेला अंबडचा एखादा वाहन सुटे भागवाला पुन्हा ‘लघू’ झाला आणि केंद्रीय खरेदीत पुन्हा पात्र ठरला. शिवाय वरच्या गटात गेलेल्या उद्योगाला आधीचे करेतर लाभ तीन वर्षे मिळत राहतात, हा ऑक्टोबर २०२२ चा निर्णय. किती जणांनी या आधारावर निविदा भरल्या? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही गोष्ट पहिल्यांदा माझ्या टेबलावर ऐकली.

आणि एक हळहळण्यासारखी गोष्ट. करोनाच्या काळात माल वेळेत देता आला नाही म्हणून ज्यांची बयाणा किंवा कामगिरी अनामत जप्त झाली होती, त्यांना ती ९५ टक्के परत देण्याची योजना केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये आणली. अर्ज जेमवर करायचा होता आणि मुदत त्याच वर्षीच्या जुलैअखेर संपली. ज्यांना कळले त्यांनी पैसे परत घेतले. मुदत संपल्यावर जे माझ्याकडे कागद घेऊन आले त्यांना परत पाठवताना माझा जीव तुटला. ज्या कार्यालयाने अनामत जप्त केली होती त्याच्याकडे त्या पुरवठादाराचा पत्ता होता, मोबाइल होता, ईमेल होता. एक पत्र टाकणे कठीण नव्हते.

बदल घाईने लादला आणि पुरवठ्याची साखळी तयार नसली तर काय होते ते राज्याने गणवेशाच्या बाबतीत पाहिले आहे. २०२४-२५ ला शाळा व्यवस्थापन समित्यांकडची गणवेश खरेदी काढून कापड राज्यस्तरावरून आणि शिलाई महिला बचत गटांकडून अशी पद्धत आली. हेतू चांगला होता, बचत गटांना काम मिळावे. पण मापे, कापडाचे तुकडे, वाहतूक, वेळापत्रक यांची तयारी नव्हती. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी मुलांच्या अंगावर गणवेश नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडे दिली. या सगळ्यात तालुक्याच्या बाजारपेठेतल्या शिंप्याचा एक हंगाम गेला. पहिल्यांदाच मोठे काम हाती आलेल्या बायकांच्या माथी उशिराचा दोष आला, तो वेगळाच. त्यांना आधी सहा महिने मिळाले असते, एका तालुक्यात करून पाहिले असते, तर ही पद्धत कदाचित टिकली असती.

जीएसटीचेही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा आणि, तंबाखूसारखा माल सोडून, २८ टक्क्यांचा टप्पा गेला. वह्यांवरचा कर शून्य झाला, भांडी ५ टक्क्यांवर आली, सिमेंट १८ वर. कागदाच्या बऱ्याच प्रकारांवर मात्र कर वाढून १८ झाला. जेमवरचा दर सर्व करांसह भरायचा असतो. म्हणजे जुन्या दराने घेतलेल्या कामात छपाईवाल्याचा कागद महागला की फरक कोण सोसणार, आणि ज्याचा कर उतरला त्याच्याकडून कार्यालय फरक कसा घेणार, हे प्रश्न चालू कंत्राटांत लगेच उभे राहिले. एकेका कार्यालयाने आपापल्या परीने अर्थ लावला. एका शहरात एकच अर्थ लागावा यासाठी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक संयुक्त बैठक पुरली असती.

मला माहीत आहे, आपल्यापैकी अनेकांचे उत्तर तयार असेल : ‘शासन निर्णय संकेतस्थळावर असतो, तो वाचणे पुरवठादाराचे काम आहे.’ तत्त्व म्हणून हे मान्य. पण शासन निर्णयात ‘संदर्भाधीन परिपत्रकातील परिच्छेद क्र. ३.२.१ मधील तिसऱ्या ओळीनंतर पुढील मजकूर समाविष्ट करण्यात येत आहे’ असे वाक्य असते. मूळ परिपत्रक हाताशी असल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, आणि केंद्राचे कागद तर इंग्रजीत असतात. आपल्या कार्यालयातल्या लिपिकालाही त्यावर प्रशिक्षण लागते. मग पत्र्याच्या कारखानदाराने ते एकट्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा कशी ठेवायची?

दुसरे उत्तर उघडपणे कोणी देत नाही, पण मला ते कळते आणि मी त्याचा आदर करतो. पुरवठादाराशी जास्त बोलले तर संगनमताचा आरोप होईल, लेखापरीक्षणात आक्षेप येईल, चौकशी लागेल, ही भीती. प्रामाणिक अधिकारी याच भीतीने दार बंद ठेवतो. पण बंद दारामुळे नुकसान कोणाचे होते ते पाहा. ज्याची आत ओळख आहे त्याला बदल आधीच कळतो. ज्याची ओळख नाही तोच बाहेर राहतो. माहिती सर्वांना एकाच दिवशी, जाहीर बैठकीत, इतिवृत्तासह दिली तर संशयाला जागाच राहत नाही. मी मागतो आहे ती उघड्या दाराची सोय आहे. खासगी मार्गदर्शन मला कोणाहीसाठी नको आहे.

आणि हे मागणे नियमांच्या बाहेरचेही नाही. २०१२ च्या त्याच केंद्रीय आदेशात खरेदीदारांनी पुरवठादार विकास कार्यक्रम आणि खरेदीदार-विक्रेता मेळावे घ्यावेत असे म्हटले आहे. वर्षभराची खरेदी योजना संकेतस्थळावर टाकावी असे केंद्राचे वित्तीय नियम सांगतात. मेळावे होतातही. पण बहुतेक मेळाव्यांत दीपप्रज्वलन, सत्कार आणि योजनांची ओळख यात दिवस जातो. ‘येत्या सहा महिन्यांत आम्ही काय घेणार, कोणत्या अटी बदलल्या आणि मागच्या वेळी लोक कशामुळे बाद झाले’ या तीन गोष्टी कोणी बोलत नाही. मला त्याच तीन गोष्टींत रस आहे.

तयारीला वेळ कसा द्यावा याचे एक बाहेरचे उदाहरण देतो. ब्रिटनचा नवा खरेदी कायदा २६ ऑक्टोबर २०२३ ला संमत झाला आणि प्रत्यक्षात २४ फेब्रुवारी २०२५ ला लागू झाला. आधी ठरलेली २८ ऑक्टोबर २०२४ ची तारीखही त्यांनी जाहीर करून पुढे नेली. मधल्या काळात खरेदी अधिकाऱ्यांसाठी वेगळे आणि पुरवठादारांसाठी वेगळे, सोप्या भाषेतले छोटे व्हिडिओ सरकारने स्वतः काढले. वर्षाला १० कोटी पौंडांहून जास्त खरेदी करणाऱ्या संस्थेने २० लाख पौंडांवरच्या आपल्या येऊ घातलेल्या खरेदीची पुढच्या १८ महिन्यांची यादी जाहीर करायची, असे त्या कायद्यात आहे. हरलेल्या निविदाधारकालाही आपले मूल्यमापन कसे झाले त्याचा सारांश मिळतो. आपल्याकडे सगळे जसेच्या तसे आणावे असे मी म्हणत नाही. पण कायदा आणि अंमलबजावणी यांच्यात पुरवठादारासाठी राखून ठेवलेला वेळ, ही गोष्ट घेण्यासारखी नक्कीच आहे.

हे सगळे आत्ताच का लिहितो आहे? कारण सिंहस्थ दारात आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला अमृत स्नान, तिसरे सप्टेंबरमध्ये. रस्ते आणि पुलांची मोठी कामे मोठ्या ठेकेदारांकडे जातील, ते स्वाभाविकच आहे. पण बॅरिकेड, फिरती स्वच्छतागृहे, पाण्याच्या टाक्या, खाटा, गाद्या, दिशादर्शक फलक, कचऱ्याचे डबे, विजेचे तात्पुरते साहित्य, गणवेश, जॅकेट, छपाई हा सगळा माल नाशिकमध्ये बनतो किंवा बनू शकतो. वेळ कमी असला की निविदेची मुदत आखडते, अटी घट्ट होतात, मागच्या मोठ्या पुरवठ्याचा अनुभव मागितला जातो. लहान पुरवठादार तिथेच गळतो. दोन-तीनच दर येतात, किंवा एकच येतो आणि फेरनिविदा काढावी लागते. घाई करून वाचवलेले पंधरा दिवस फेरनिविदेत महिनाभर होऊन जातात. माल शेवटी बाहेरच्या व्यापाऱ्याकडून येतो आणि तो कधी कधी अंबडलाच बनलेला असतो, मध्ये दोन हात फिरून.

म्हणून नेमके काय करता येईल ते सांगतो.

कोणतीही नवी अट किंवा मर्यादा लागू केल्यावर पहिल्या निविदेच्या पहिल्याच पानावर मराठीत एक चौकट छापा : मागच्या वेळेपेक्षा काय बदलले. बस, चार-पाच ओळी. कार्यालयाला यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही आणि पैसाही लागणार नाही. शुद्धिपत्रकाने अट बदलली तर निविदा भरायची मुदतही त्या प्रमाणात वाढवा. शेवटच्या तीन दिवसांत शुद्धिपत्रक टाकून मुदत तीच ठेवली की डिजिटल सहीचे टोकन सनदी लेखापालाकडे असलेला माणूस हात चोळत बसतो.

जिल्हा उद्योग केंद्राने दर तिमाहीत एकदा सातपूर रस्त्यावरच्या उद्योग भवनात सर्व खरेदीदार कार्यालयांची आणि पुरवठादारांची एकत्र बैठक घ्यावी. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना माणसे जमवतील, त्यांची सभागृहेही आहेत. बैठकीत केंद्राचे आणि राज्याचे नियम शेजारी शेजारी ठेवून सांगा. प्रत्यक्ष पडद्यावर निविदा भरून दाखवा. दर भरायच्या बीओक्यू या एक्सेल फाइलचे नाव बदलले की राज्याचे महाटेंडर्स पोर्टल ती घेत नाही, ही साधी गोष्ट आजही लोकांना रात्री अकराला कळते. बैठकीत आलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरे लेखी करून संकेतस्थळावर टाका, म्हणजे जो येऊ शकला नाही त्यालाही तीच माहिती मिळेल आणि उद्या लेखापरीक्षणालाही दाखवता येईल. आणि ही बैठक संध्याकाळी ठेवा. सकाळी अकराला कारखाना सोडून येणे लहान मालकाला परवडत नाही.

अपात्रतेचे कारण अट क्रमांकासह लिहा. जेमवर आक्षेप नोंदवायला मोजकाच वेळ मिळतो. त्या वेळात पुरवठादाराला काय दुरुस्त करायचे ते कळले पाहिजे. वर्षाच्या शेवटी प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडे लोक कोणत्या कारणांनी बाद झाले याचा एकपानी गोषवारा, कोणाचे नाव न घेता, प्रसिद्ध केला तर पुढच्या वर्षीच्या निम्म्या चुका तिथेच थांबतील असे मला माझ्या कामावरून वाटते.

बिलाबद्दलही बोलायला हवे, कारण तयारी म्हणजे कागद एवढेच नव्हे. जेमवर माल पोहोचल्यावर दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, अशी पद्धत आहे. दाखला अडकला की पुढचे सगळे अडकते. भांडारात माल लागलेला असतो, वापरातही आलेला असतो, आणि दाखला द्यायचा अधिकारी बदलून गेलेला असतो. अधिकारी बदलताना प्रलंबित दाखल्यांची यादी कार्यभार हस्तांतरणात आलीच पाहिजे. सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांपुढे थकवता येत नाहीत. थकवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, हे सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे. पुरवठादार हे व्याज मागत नाही, कारण त्याला पुढची ऑर्डर हवी असते. सिंहस्थाच्या कामात मोठ्या ठेकेदाराखाली माल देणाऱ्यांची संख्या मोठी असेल. त्यांच्यासाठी आयकरातली, मुदतीत न दिलेले पैसे खर्च म्हणून धरू न देणारी, बाजारात ‘४३बी-एच’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद आहे, तसेच २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल-वटणावळीच्या व्यवस्थेवर नोंदणी करणे बंधनकारक आहे. ठेकेदाराशी करार करतानाच ‘खालच्या लहान पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे दिल्याचा दाखला पुढच्या बिलासोबत जोडावा’ अशी अट घाला. सिंहस्थासाठी उधारीवर माल देणाऱ्या माणसाला त्याने मोठा आधार मिळेल.

आमच्या बाजूनेही कामे आहेत आणि ती मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. उद्यम प्रमाणपत्र आजच उघडून व्यवसायाचा प्रकार आणि उत्पादनाचा कोड तपासा. डिजिटल सहीची मुदत पाहा. स्थानिक मूल्याचे स्वयंघोषणापत्र भरताना आयात भागांचा हिशेब खरा ठेवा, कारण खोट्या घोषणेवर दोन वर्षांपर्यंत खरेदीतून बाहेर काढता येते. जेमवरच्या आपल्या मालाचा तपशील आणि फोटो आपणच टाका, दुसऱ्यावर सोडू नका. निमा आणि आयमाच्या पदाधिकाऱ्यांनाही विनंती आहे : भूखंड, वीजदर आणि रस्ते यांच्यासाठी आपण जेवढ्या हिरिरीने भांडता, तेवढ्याच हिरिरीने खरेदी नियमांचा एक कायमचा कक्ष चालवा. एक जाणकार माणूस, एक टेबल, आठवड्यातून दोन संध्याकाळी.

पहिल्या बैठकीसाठी माझ्याकडून काही लागत असेल तर मी देतो. मागच्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या अपात्रतेच्या पत्रांवरून, कोणाचेही नाव न घेता, कारणांचा गोषवारा तयार करून ठेवला आहे. तो जिल्हा उद्योग केंद्रात आणून देईन. ध्वजारोहणाच्या आधी निघणाऱ्या पुरवठ्याच्या निविदांसाठी ही बैठक येत्या महिन्याभरात व्हावी आणि तिची तारीख सर्व कार्यालयांच्या संकेतस्थळांवर आणि उद्योग भवनाच्या फलकावर लावावी, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
सातपूर-अंबड भागातील पुरवठादारांच्या निविदांचे काम पाहणारा एक नाशिककर